घटक ६ : डोंगर, कुरण आणि नकाशा – मांटी राष्ट्रीय वनाच्या स्थलनिर्देशक नकाशांचे ऐतिहासिक वाचन

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
• स्थलनिर्देशक नकाशा हे इतिहासाचे साधन कसे ठरते, हे सांगता येईल.
• डोंगराळ कुरणाच्या नकाशावरील मोजलेली, अजमासाची आणि ठरवलेली अशा तीन प्रकारच्या रेषांतील भेद स्पष्ट करता येईल.
• समोच्चरेषांवरून उतार काढून त्याचा चराईशी असलेला संबंध दाखवता येईल.
• नकाशावर जे आलेले नाही, त्याचा शोध कोणत्या दिशेने घ्यावा हे ठरवता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि कागदपत्रे या साधनांचा परिचय करून घेतला. लेख लिहिणारा कोण, तो कोणासाठी लिहितो, त्याला कशाचे प्रत्यक्ष ज्ञान आहे, हे प्रश्न आपण बखरीला सहजपणे विचारतो. नकाशापुढे मात्र आपण बहुधा मौन बाळगतो. तो शास्त्राने तयार केलेला, मोजमापावर उभारलेला, म्हणून निःपक्षपाती असला पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. ही समजूत पूर्णपणे चुकीची नाही. परंतु अपुरी आहे.

एकाच नकाशावर निरनिराळ्या योग्यतेच्या रेषा असतात. काही रेषा मोजून काढलेल्या असतात. काही डोळ्यांच्या अंदाजाने काढलेल्या असतात. काही कोणीतरी ठरवल्या म्हणून तेथे आलेल्या असतात. छपाईत मात्र या तिन्ही रेषा सारख्याच ठाम दिसतात. त्या वेगळ्या ओळखणे म्हणजेच नकाशाचे ऐतिहासिक वाचन होय.

या घटकासाठी आपण अमेरिकेच्या युटा राज्यातील मांटी राष्ट्रीय वनाचे उदाहरण निवडले आहे. मेंढ्यांच्या चराईमुळे उजाड झालेला डोंगर, त्यावरून खाली येणारे चिखलाचे लोंढे, पायथ्याशी वसलेली गावे आणि कुरणासाठी झालेला दीर्घ संघर्ष यांमुळे या डोंगराच्या नकाशावरील प्रत्येक रेषेला व्यवहारात किंमत आली. रेषा थोडी सरकली, तर कोणाचा तरी कळप कुरणाबाहेर पडे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ डोंगर आणि खोरे

प्रथम 'राष्ट्रीय वन' ही संज्ञा नीट समजून घेऊ. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय वन या दोन भिन्न व्यवस्था आहेत. उद्यानाचा मुख्य हेतू निसर्ग जपण्याचा असतो. राष्ट्रीय वन ही सरकारी मालकीची, परंतु नियमाने वापरायची जमीन असते. लाकूड, पाणी आणि चराई हे तिचे आरंभापासूनचे मान्य उपयोग आहेत. त्यामुळे 'वन' या शब्दाने केवळ घनदाट झाडी डोळ्यांपुढे आणू नये. मांटी वनाच्या माथ्यावर मोठमोठी गवताळ व झुडपी मैदाने आहेत. अधूनमधून ॲस्पेन, स्प्रूस आणि फर या वृक्षांची राने आहेत.

हे वन युटाच्या मध्यभागी असलेल्या वासॅच पठारावर पसरले आहे. पठाराच्या पश्चिमेस सॅनपीट खोरे असून त्यात मांटी, ईफ्राइम, माउंट प्लेझंट ही गावे आहेत. खोऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५,५०० फूट, तर पठाराचा माथा अनेक ठिकाणी १०,००० फुटांच्या वर आहे. माथ्यावरचे बर्फ वितळले की ते पाणी अरुंद घळींतून गावांकडे येते. शेती त्याच पाण्यावर होते. म्हणून माथ्यावर मेंढी काय खाते, याचा परिणाम पायथ्याच्या पाटापर्यंत पोहोचतो.

मॉर्मन वसाहतवाल्यांनी १८४९ मध्ये मांटी येथे वस्ती केली. १८८० च्या दशकापासून पठारावर मेंढ्यांची संख्या झपाट्याने वाढली. कुरण सर्वांचे, म्हणून जो आधी पोहोचेल त्याचे, अशी स्थिती होती. बर्फ पुरते वितळण्यापूर्वीच कळप वर चढत. कोवळा अंकुर मुळासकट जाई आणि ओली माती खुरांखाली तुडवली जाई. वर किती कळप आहेत हे खोऱ्यातून दिसणाऱ्या धुळीच्या लोटांवरून मोजता येई, असे तेथे सांगितले जाते. त्या दशकाच्या अखेरीपासून उन्हाळी पावसात घळींतून चिखल-दगडांचे पूर गावांत येऊ लागले.

६.२.२ पहिले नकाशे : पॉवेल यांची दृष्टी

या प्रदेशाचे पद्धतशीर मापन जॉन वेस्ली पॉवेल यांच्या पथकाने १८७० च्या दशकात केले. त्यांचे सहकारी ॲल्मन हॅरिस थॉम्पसन यांच्याकडे भूमापनाचे काम होते. दक्षिण युटातील कॅनब येथे आधाररेषा मोजण्यात आली आणि तिच्यावरून त्रिकोणांचे जाळे पसरवण्यात आले. आधाररेषा म्हणजे जमिनीवर अतिशय काळजीपूर्वक मोजलेली एक सरळ रेषा. तिची लांबी कळली की पुढील त्रिकोणांचे केवळ कोन मोजून दूरदूरच्या शिखरांची स्थाने गणिताने काढता येतात.

पॉवेल यांनी १८७८ मध्ये पश्चिमेकडील शुष्क प्रदेशाच्या जमिनींविषयीचा प्रसिद्ध अहवाल सादर केला. त्यासोबत युटाचा एक नकाशा होता. त्यात सिंचनयोग्य जमीन, वृक्षांची जमीन आणि कुरणाची जमीन अशी विभागणी दाखवली होती. १८६२ च्या कायद्यानुसार कुटुंबाला १६० एकर जमीन मिळे. कोरड्या कुरणप्रदेशात तेवढ्यावर निर्वाह होणार नाही, तेथे किमान २,५६० एकरांचा घटक असावा, असे पॉवेल यांनी सुचवले. ही सूचना मान्य झाली नाही. तरीही जमिनीचा नकाशा तिच्या उपयोगानुसार काढावा, हा विचार येथे स्पष्टपणे मांडला गेला.

१८७९ मध्ये अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. १८८१ मध्ये पॉवेल तिचे दुसरे संचालक झाले आणि देशाच्या स्थलनिर्देशक नकाशांच्या कामाला वेग आला. युटाच्या डोंगराळ भागाचे आरंभीचे नकाशे १ : २,५०,००० या प्रमाणावर होते. त्यांवरील दोन लगतच्या समोच्चरेषांमधील उंचीचा फरक २५० फूट असे. या आकड्यांचा अर्थ पाहू. अशा नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २.५ किलोमीटर. २०० फूट खोल घळ दोन समोच्चरेषांच्या मध्ये पूर्णपणे हरवू शकते. डोंगराची ठेवण कळण्यास हा नकाशा पुरेसा होता. एखाद्या कळपाचे कुरण आखून देण्यास तो पुरेसा नव्हता.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय वन यांत मुख्य भेद कोणता?
(आ) पॉवेल यांनी कुरणप्रदेशासाठी किमान किती एकरांचा घटक सुचवला?

६.२.३ मोजलेली रेषा : समोच्चरेषा

समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेल्या ठिकाणांना जोडणारी रेषा म्हणजे समोच्चरेषा. त्या काळात ती काढण्याचे मुख्य साधन समतल फलक हे होते. तिपाईवर बसवलेल्या सपाट फळीवर कागद ताणलेला असे आणि त्यावर दुर्बीण लावलेली पट्टी ठेवलेली असे. सर्वेक्षक उंच जागी उभा राहून एकेका शिखराचा वेध घेई, त्या दिशेची रेषा कागदावर ओढी आणि दुसऱ्या ठिकाणाहून त्याच शिखराचा पुन्हा वेध घेई. दोन रेषा जेथे छेदतील तेथे ते शिखर. काही ठिकाणांची उंची मोजून निश्चित केली जाई आणि त्या बिंदूंच्या आधारे समोर दिसणाऱ्या डोंगराची ठेवण पाहत समोच्चरेषा रेखाटल्या जात.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोजलेल्या रेषेतही सगळेच मोजलेले नसते. मोजलेल्या बिंदूंच्या मधला भाग सर्वेक्षकाच्या हाताने आणि नजरेने भरलेला असतो. परंतु ही नजर मोजलेल्या बिंदूंनी बांधलेली असते. दुसऱ्या सर्वेक्षकाने तेथे जाऊन काम केले, तर त्याची रेषा थोडी निराळी येईल. डोंगर निराळा येणार नाही. म्हणून या रेषेला आपण मोजलेली रेषा म्हणतो.

चराईच्या दृष्टीने समोच्चरेषा दोन गोष्टी सांगते. पहिली गोष्ट उताराची. समजा, १ : ६२,५०० प्रमाणाच्या नकाशावर ५०० फूट फरकाच्या दोन समोच्चरेषांमध्ये ४ मिलिमीटर अंतर आहे. जमिनीवर हे अंतर २५० मीटर होते. ५०० फूट म्हणजे सुमारे १५२ मीटर. म्हणजे उतार सुमारे ६१ टक्के, कोनाने ३१ अंश. हेच अंतर १२ मिलिमीटर असते, तर उतार सुमारे २० टक्के झाला असता. गाई-बैल सौम्य उतार आणि जवळचे पाणी पसंत करतात. मेंढपाळ सोबत असलेला मेंढ्यांचा कळप अधिक उभ्या चढणीवर चरू शकतो. म्हणजे रेषांची दाटी पाहून कोणते जनावर कोठे जाईल याचा तर्क करता येतो. शिवाय नकाशा सपाट क्षेत्र दाखवतो. ३१ अंशांच्या उतारावर नकाशावरील १०० एकर म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ११७ एकर पृष्ठभाग असतो.

दुसरी गोष्ट ऋतूची. अँड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ मध्ये असा ढोबळ नियम मांडला की, दर ४०० फूट उंचीमागे वसंतातील वनस्पतींची वाढ सुमारे ४ दिवसांनी लांबते. सॅनपीट खोऱ्यापासून पठाराच्या माथ्यापर्यंतचा फरक ५,००० फूट धरला, तर गावात गवत फुटल्यावर माथ्यावर ते फुटण्यास सुमारे ५० दिवस लागतात. उताराची दिशा, बर्फाचे थर आणि त्या वर्षीचे हवामान यांमुळे हा हिशेब बदलतो. तरी त्याचे तत्त्व उपयोगी आहे. या नकाशावरील समोच्चरेषा एका अर्थाने दिनदर्शिकाही आहेत. कुरण कोणत्या तारखेस उघडावे, हा प्रश्न उंचीशी बांधलेला आहे.

६.२.४ ठरवलेली रेषा : सीमा, परवाना आणि न्यायालय

१८९१ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना सरकारी जमिनींवर राखीव वने घोषित करण्याचा अधिकार मिळाला. १८९७ च्या कायद्याने अशा वनांच्या व्यवस्थापनाची चौकट घालून दिली. त्यांच्या सर्वेक्षणाचे काम भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेकडे सोपवले आणि त्यासाठी दीड लाख डॉलर मंजूर केले. नकाशा आणि वनप्रशासन यांची गाठ कायद्यानेच बांधली गेली.

मांटी परिसरात राखीव वनाची मागणी पुराने त्रस्त झालेल्या पायथ्याच्या रहिवाशांकडूनही आली. १९०२ मध्ये ॲल्बर्ट पॉटर यांनी युटाच्या डोंगरांची घोड्यावरून महिनोन्महिने पाहणी केली. पॉटर हे पूर्वी स्वतः ॲरिझोनात पशुपालन करणारे होते. कुरणाची भाषा त्यांना अनुभवाने ठाऊक होती. पुढल्याच वर्षी, १९०३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मांटी राखीव वन घोषित केले. १९०५ मध्ये ही वने कृषी खात्याकडे आली, गिफर्ड पिन्शो यांच्या नेतृत्वाखाली वनसेवा स्थापन झाली आणि १९०७ मध्ये राखीव वनांना 'राष्ट्रीय वने' हे नाव मिळाले. मांटी वनाला पुढे १९५० मध्ये मांटी-ला साल राष्ट्रीय वन असे नाव पडले.

आता नकाशावर एक नवी रेषा आली : वनाची सीमा. तिच्या आत कोणाचे किती पशू, कोणत्या काळात आणि कोठे चरतील हे परवान्याने ठरू लागले. १९०६ पासून चराईशुल्क सुरू झाले. परवाने देताना जवळपास स्वतःची शेतीवाडी असलेल्या स्थानिक पशुपालकांना प्रथम स्थान होते. ज्याच्याजवळ जमीन नाही, जो कळप घेऊन गावोगाव फिरतो, तो अखेरच्या क्रमांकावर होता. या व्यवस्थेने अनिर्बंध चराईला आवर घातला; त्याचबरोबर फिरत्या मेंढपाळाची डोंगरावरील वाट बंद केली. दोन्ही गोष्टी एकाच रेषेने घडल्या.

ठरवलेली रेषा कोठून जाते, हे बारकाईने पाहावे. अमेरिकेत १७८५ पासून सरकारी जमीन चौकोनांत मोजण्याची पद्धत आहे. सहा मैल बाजूचा चौरस, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. अनेक वनसीमा या चौकोनी रेषांवरून जातात. डोंगराच्या नकाशावर वळणदार समोच्चरेषांना कापत जाणारी काटकोनी सीमा दिसली, की ती दप्तरातून आलेली आहे हे ओळखावे. मेंढी काटकोनात चरत नाही आणि पाणी काटकोनात वाहत नाही.

याउलट मांटी घळीचे उदाहरण आहे. पुराचा धोका ओळखून ही घळ काही वर्षे चराईस बंद ठेवण्यात आली. येथे जी सीमा महत्त्वाची ठरली, ती दोन घळींमधल्या डोंगरधारेची, म्हणजे जलविभाजकाची होती. समोच्चरेषा नीट वाचल्या की ती नकाशावर आपोआप दिसते. त्यामुळे बंद घळ आणि शेजारच्या चालू घळी यांची तुलना करणे शक्य झाले. रॉबर्ट रेनॉल्ड्स यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'चराई आणि पूर' या विषयावरील वनसेवेच्या पत्रिकेत मांटी वनाच्या परिस्थितीचा अभ्यास करून हा संबंध मांडला. १९१२ मध्ये ईफ्राइम घळीत संशोधन केंद्र उभे राहिले. आर्थर सॅम्पसन हे त्याचे पहिले प्रमुख. तेथे दोन लहान पाणलोट क्षेत्रे शेजारी शेजारी निवडून, वनस्पतींचे आच्छादन कमी-अधिक असता किती पाणी आणि किती माती वाहून येते, याची मोजदाद सुरू झाली. ठरवलेली रेषा मोजलेल्या रेषेवर बेतली, म्हणजे तिच्यापासून ज्ञानही मिळू शकते, याचा हा उत्तम दाखला आहे.

या सीमेला कायद्याने बळ मिळाले ते १९११ मध्ये. परवान्याविना मेंढ्या चारल्याचा ग्रिमॉद खटला कॅलिफोर्नियातील सिएरा वनाचा होता. गुरे वनात सोडल्याचा लाइट खटला कोलोराडोतील होली क्रॉस वनाचा होता. लाइट यांचा एक युक्तिवाद असा होता की, वनाला कुंपणच नाही. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही खटल्यांत सरकारच्या बाजूने निकाल दिला. कुंपण नसले तरी सीमा पाळावी लागेल, हे त्यातून प्रस्थापित झाले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) 'समोच्चरेषा ही दिनदर्शिकाही आहे' या विधानाचा अर्थ काय?
(आ) मांटी घळीची सीमा अभ्यासास उपयोगी का ठरली?

६.२.५ अजमासाची रेषा : कुरणांची पाहणी

परवाने द्यायचे तर कुरणात किती चारा आहे हे कळले पाहिजे. समोच्चरेषा ते सांगत नाहीत. १९११ मध्ये जेम्स जार्डीन यांच्या मार्गदर्शनाखाली ॲरिझोनातील कोकोनीनो राष्ट्रीय वनात चराईक्षेत्रांच्या पाहणीची नवी पद्धत सुरू झाली आणि ती पुढे इतर वनांत पसरली. पाहणी करणारे कर्मचारी नकाशा हाती घेऊन डोंगर तुडवत. खुले गवत, ओलसर कुरण, पाल्याच्या औषधी वनस्पती, सेजब्रश, इतर झुडपे, वृक्षराजी, उजाड जमीन असे वनस्पतींचे प्रकार पाडून प्रत्येकाची हद्द नकाशावर रेखली जाई आणि तिला रंग व क्रमांक दिला जाई. सोबत पाणवठे, वाटा, कुंपणे आणि कळप नेण्याचे मार्ग यांचीही नोंद होई.

प्रत्येक तुकड्यात जमीन वनस्पतींनी किती झाकली आहे, हे दहांश भागांत डोळ्यांनी अजमावले जाई. त्यांपैकी जनावर आवडीने किती खाईल, याचाही अंदाज धरला जाई. दोन्हींचा गुणाकार करून क्षेत्राला लावला की 'चारा-एकर' मिळत. एक कल्पित उदाहरण घेऊ. क्षेत्र ६४० एकर, आच्छादन ५ दशांश, खाण्याजोगा भाग ४ दशांश. ६४० × ०.५ × ०.४ = १२८ चारा-एकर. एका मेंढीस हंगामात ०.८ चारा-एकर लागतो असे धरले, तर १६० मेंढ्यांना परवाना मिळेल. आता दुसऱ्या पाहणी करणाऱ्यास तेच आच्छादन ६ दशांश वाटले असे समजा. मग चारा-एकर १५३.६ आणि मेंढ्या १९२. डोंगर तोच, गवत तेच. नजरेतील एका दशांशाने ३२ मेंढ्यांचा फरक पडला. लहान मेंढपाळाच्या घरी तेवढ्याने वर्षाचा हिशेब बदलतो.

येथे त्या कर्मचाऱ्यांना दोष देण्याचा हेतू नाही. अंदाजाचे हे दौर्बल्य त्यांच्या सहकाऱ्यांनीही ओळखले होते. १९३० च्या दशकात लहान लहान चौरस आखून आच्छादन अजमावण्याच्या पद्धती पुढे आल्या आणि हवाई छायाचित्रांचाही उपयोग होऊ लागला. सांगण्याचा मुद्दा हा की, वनस्पतिप्रकाराची रंगीत हद्द आणि समोच्चरेषा एकाच कागदावर, एकाच जाडीने छापल्या जात. वाचकाला दोन्ही सारख्याच विश्वासार्ह वाटत. उतार तीस वर्षांत सहसा बदलत नाही. गवताची हद्द एका अवर्षणात बदलते. म्हणून अजमासाच्या रेषेसोबत पाहणीचे वर्ष आणि महिना वाचल्याखेरीज तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

६.२.६ रेषांत न आलेले

नकाशावर कोण नाही, हाही साधनचिकित्सेचा प्रश्न आहे. सॅनपीट खोरे आणि वासॅच पठार ही यूट लोकांची भूमी होती. १८६५ ते १८७२ या काळात झालेल्या संघर्षानंतर, ज्याला ब्लॅक हॉकचे युद्ध म्हणतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना पूर्वेकडील युइंटा राखीव क्षेत्रात जावे लागले. त्यानंतर काही वर्षांतच या डोंगराचे स्थलनिर्देशक नकाशे तयार झाले. त्यांत डोंगर रिकामा दिसतो. हे रिकामेपण निसर्गाचे नाही. ते इतिहासाने घडवलेले आहे.

तरी एक खूण राहिली आहे : स्थलनामे. 'सॅनपीट' हे नाव सॅन पिच या यूट समूहाच्या नावाशी निगडित आहे आणि 'वासॅच' हे नावही यूट भाषेतून आले आहे. माणसे गेली, रेषा आल्या. नावे मात्र नव्या नकाशाने जुन्या भाषेतूनच उचलली. स्थलनामांच्या अभ्यासाचे महत्त्व आपण भाषाविज्ञानाच्या अभ्यासात पाहतोच. नकाशा हा त्या अभ्यासाचा मोठा संग्रह आहे.

मेंढ्या प्रत्यक्ष राखणाऱ्या मजुराचेही नकाशावर नाव नसते. परवान्यावर मालकाचे नाव, नकाशावर क्षेत्राचे नाव. उन्हाळाभर कळपासोबत डोंगरावर राहणारा, कोणत्या झऱ्याला भाद्रपदातही पाणी टिकेल हे जाणणारा मनुष्य या कागदात फार तर एखाद्या पायवाटेच्या तुटक रेषेतून डोकावतो.

६.२.७ भारतीय संदर्भ

या विषयाचा भारताशी एक खरा धागा आहे. अमेरिकी वनसेवेचे शिल्पकार पिन्शो यांनी तरुणपणी युरोपात वनविद्या शिकताना डीट्रिख ब्रँडिस यांचे मार्गदर्शन घेतले होते. ब्रँडिस हे ब्रिटिश भारताचे पहिले वनमहानिरीक्षक. वन सरकारने राखावे, त्याची सीमा आखावी, त्यातील उपयोग नियमाने द्यावेत, या भारतात रुळलेल्या कार्यपद्धतीचा अनुभव त्यांच्या मार्फत पिन्शो यांच्यापर्यंत पोहोचला.

त्याच कार्यपद्धतीची दुसरी बाजू महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी मांडली होती. १८७८ च्या भारतीय वन कायद्यानंतर पाच वर्षांनी, १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात, डोंगर आणि गायराने जंगलखात्याने आपल्या ताब्यात घेतल्याने गरीब शेतकऱ्याच्या गुराढोरांना चरायला जागा उरली नाही, अशी तक्रार त्यांनी केली आहे. मांटी येथे राखीव वनाची मागणी पायथ्याच्या शेतकऱ्यांनी केली. येथे शेतकऱ्यांच्या कैवाऱ्याने त्याच प्रकारच्या सीमेविरुद्ध आवाज उठवला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सीमेची योग्यता ती कोणी, कोणाला विचारून आणि जमिनीची कोणती गरज पाहून आखली, यावरून ठरते. हा प्रश्न नकाशा स्वतः विचारत नाही. तो वाचकाने विचारावा लागतो.

६.३ सारांश

स्थलनिर्देशक नकाशा हे इतिहासाचे विश्वसनीय, परंतु चिकित्सेने वापरायचे साधन आहे. मांटी राष्ट्रीय वनाच्या उदाहरणात आपण तीन प्रकारच्या रेषा पाहिल्या. समोच्चरेषा मोजमापावर आधारलेली असून ती उतार आणि ऋतू दोन्ही सांगते. कुरणप्रकाराची हद्द अजमासाने काढलेली असून ती काळानुसार बदलते. वनसीमा आणि चराईक्षेत्राची हद्द निर्णयाने आलेली असते. तिच्यामागे कायदा, मागणी आणि संघर्ष असतो. ठरवलेली रेषा जलविभाजकासारख्या नैसर्गिक रेषेवर बेतली तर ती उपकारक ठरू शकते, हे मांटी घळीने दाखवले. यूट लोक, फिरते मेंढपाळ आणि मजूर यांची अनुपस्थिती ही देखील नकाशाचीच साक्ष आहे.

६.४ पारिभाषिक शब्द

स्थलनिर्देशक नकाशा – भूरूपे, पाणी, वस्ती, वाटा इत्यादी उंचीसह दाखवणारा सविस्तर नकाशा.
आधाररेषा – त्रिकोणांच्या मापनासाठी जमिनीवर अचूक मोजलेली पहिली रेषा.
समतल फलक – तिपाईवरील सपाट फळी. तिच्यावर जागच्या जागी नकाशा रेखाटतात.
जलविभाजक – दोन खोऱ्यांचे पाणी वेगळे करणारी डोंगरधार.
चारा-एकर – पूर्ण आच्छादलेल्या आणि पूर्ण खाण्याजोग्या एक एकर कुरणाइतका चारा. कुरण मोजण्याचे कल्पित एकक.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) उद्यानाचा मुख्य हेतू निसर्गाचे जतन हा असतो, वन लाकूड, पाणी, चराई अशा उपयोगांसाठी नियमाने वापरले जाते. (आ) २,५६० एकर.
प्रश्न २ : (अ) उंची वाढते तशी वनस्पतींची वाढ लांबते, त्यामुळे समोच्चरेषेवरून कुरण उघडण्याच्या काळाचा अंदाज येतो. (आ) ती जलविभाजकावरून जात असल्याने चराई बंद असलेल्या आणि चालू असलेल्या खोऱ्यांतील पुरांची तुलना करता आली.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'एकाच नकाशावर निरनिराळ्या योग्यतेच्या रेषा असतात' हे विधान मांटी वनाच्या आधारे स्पष्ट करा.
२. १ : ६२,५०० प्रमाणाच्या नकाशावर ५०० फूट फरकाच्या दोन समोच्चरेषांमधील अंतर ८ मिलिमीटर आहे. उतार टक्क्यांत काढा आणि त्या जागेच्या चराईयोग्यतेविषयी मत द्या.
३. चराई परवान्यांच्या व्यवस्थेमुळे कोणाचा लाभ झाला आणि कोणाची हानी झाली, याची चर्चा करा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावाच्या गायरानाची किंवा जवळच्या वनहद्दीची रेषा नकाशावर पाहा. ती ओढा, धार किंवा वाट यांवरून जाते की सरळ कापत जाते, याची नोंद करा. गावातील एखाद्या वयोवृद्ध गुराख्यास किंवा मेंढपाळास पूर्वी गुरे-मेंढ्या कोठे चरत असत ते विचारा आणि त्यांचे उत्तर नकाशाशी ताडून पाहून दोन पृष्ठांचे टिपण लिहा.